मर्डो काही बोलला नाही

एकोणीसशे सदुसष्ट सालच्या सप्टेंबरात, ग्लासगोतल्या एका जुन्या दगडी इमारतीच्या जिन्यावर वॉल्टर पिरीनं दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावली. घडलं ते एवढंच. त्याची बायको एफी बटाट्यांची पिशवी घेऊन त्याच्यामागून येत होती, आणि तिला आधी वाटलं की तो दम खायला थांबलाय. त्या इमारतीचे सगळे मजले दिसायला सारखेच. अर्ध्या भिंतीपर्यंत त्याच हिरव्या फरशा, तीच पितळी मूठ, दारापुढे तसंच काथ्याचं पायपुसणं. नवीन माणसाचं चुकणं समजू शकतं, पण वॉल्टर लग्न झाल्यापासून त्याच जिन्यानं वर जात होता. किल्ली फिरेना तशी त्यानं ती काढून पाहिली, पुन्हा घातली, आणि मग दाराला खांदा दिला. आतून मिस टेनंटनं दार उघडलं. ती शाळेतून निवृत्त झालेली बाई; पोरांवर चालवायची जीभ आता शेजाऱ्यांवर चालवायची. "काय मिस्टर पिरी, इतक्या वर्षांनी माझी आठवण झाली? आणि तीसुद्धा बायकोला बरोबर घेऊन?" वॉल्टरनं टोपी काढली आणि लवून म्हणाला, "धीर गोळा करायला वेळ लागला, बाई." तिघंही हसले. पण तो हसायच्या आधी एक क्षण एफीला त्याचा चेहरा बाजूनं दिसला होता. चूक कळली की माणूस ओशाळतो, तसं त्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सामान हलवून नेलेल्या दुकानाच्या काचेतून आत पाहावं, तसं तिला वाटलं.

वर जाऊन तिनं बटाटे सोलायला घेतले आणि सोलता सोलता तिच्या लक्षात आलं की ती गेल्या कित्येक महिन्यांचा हिशोब मनात लावतेय. साखरेचं भांडं कोळशाच्या पेटीवर सापडलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, थकलाय बिचारा. ईस्टरला त्यानं विचारलं होतं, आर्ची कसा आहे, पत्र नाही त्याचं. आर्ची त्याचा भाऊ, युद्धात बुडालेला. तेव्हाही तिनं ते झोपेत बोलल्यासारखं असेल म्हणून सोडून दिलं. तिनं प्रत्येक गोष्टीला सुटं सुटं ठेवलं होतं. एकमेकींची भेटच होऊ दिली नव्हती. आता त्या सगळ्या जिन्यावरून एकदमच वर आल्या आणि स्वयंपाकघरात तिच्याभोवती उभ्या राहिल्या. वॉल्टर शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता, बातम्यांना नेहमीसारखी नावं ठेवत होता. त्याचा आवाज इतका शहाणा होता की तिला स्वतःचीच लाज वाटली.

वॉल्टरचं पार्टिकमध्ये औषधांचं दुकान होतं. अख्ख्या वस्तीचे खोकले, पोटदुख्या आणि न सांगता येणारी दुखणी त्याला ठाऊक असत. त्या काळी बरीच औषधं दुकानदार स्वतःच्या हातानं मिसळून देई. मागच्या फळीवर तपकिरी बाटल्या एकीला एक लागून उभ्या असत. वॉल्टर ज्यांच्या हाताखाली शिकला, त्या बेलींची गोष्ट त्यानं एफीला लग्नाआधीच सांगितली होती. एका सकाळी बेलींनी काट्यावर काहीतरी तोलायला घेतलं आणि हात थरथरला. त्यांनी काटा खाली ठेवला, पांढरा कोट काढला, आणि त्या दिवसानंतर मागच्या फळीला हात लावला नाही. ही गोष्ट सांगताना वॉल्टरचा चेहरा उजळायचा. म्हणायचा, "हात थरथरला तर माणसाला दिसतो गं. डोकं थरथरलं तर? ते ज्याचं त्याला कसं दिसणार? माझं तसं झालं तर तू सांग, एफी. तूच सांगायचं." तिनं हसत हो म्हटलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, तिच्या हातात त्याची टोपी होती आणि समोर समुद्र होता. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

तो समुद्र इन्व्हरकेरीचा. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ते एवढंसं गाव, आणि गाव व पाणी यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांवर पसरलेलं गोल्फचं जुनं मैदान. तिथे झाड म्हणून नाही. वारा जसा टेकड्या रचेल तशी जमीन, त्यावर मेंढ्यांनी कुरतडल्यासारखं आखूड गवत, कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. मधुचंद्राला दोघं तिथेच गेले होते, वॉल्टरनं तिला खेळायला शिकवलं तेही तिथेच. युद्धानंतर मर्डो आणि नेट्टा गिलख्रिस्ट त्यांच्यात आले, आणि तेव्हापासून दर सप्टेंबरला चौघांची फेरी ठरलेली होती. शनिवारच्या सामन्यात नवरा-बायको विरुद्ध नवरा-बायको, जुन्या पद्धतीनं: जोडीला मिळून एकच बॉल, एकानं मारायचा, पुढचा दुसऱ्यानं, मग पुन्हा पहिल्यानं, असा पाळीपाळीनं तो झेंड्याच्या होलात घालायचा. आपल्या वाट्याचा नसलेला फटका कुणी मारला तर ते होल हरलं. नेट्टा म्हणायची, ज्यांना लग्न काय असतं ते कळत नाही त्यांनी हे खेळून बघावं. एकानं वाळूत घालायचं आणि दुसऱ्यानं उपसून काढायचं.

या वर्षी जाऊ नये असं एफीच्या मनात येऊन गेलं, आणि मग उलटंच आलं. जायलाच हवं. या खेळात हाताला काही लपवता येत नाही आणि डोक्याला तर त्याहून नाही. आत्ता कुणी मारला, पुढचा कुणाचा, हे प्रत्येक पावलाला आठवावं लागतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं: वॉल्टर ते सगळे दिवस न चुकता खेळला, तर जिना, साखर, आर्ची, सगळं खोटं. आणि चुकला तर तिला ते बावीस वर्षांच्या वयात दिलेलं वचन पाळावं लागेल. दुकान जाईल. दुकान गेल्यावर वॉल्टरचं काय उरेल, ते तिला बघवेना. आणि न सांगावं तर एके दिवशी तपकिरी बाटल्यांपैकी चुकीच्या बाटलीकडे त्याचा हात जाईल, आणि पार्टिकमधलं एखादं पोर त्या रात्री झोपेल ते उठणारच नाही. आगगाडीत ती खिडकीशी बसली होती आणि तिला ते पोर दिसत होतं, नाकाला शेंबूड असलेलं, आईच्या शालीला धरून आलेलं. शेजारी वॉल्टर मर्डोला चिडवत होता, "यंदा तरी हरशील का रे? अकरा वर्षं झाली. माणसाला लाज असावी जिंकायची."

"नियमानं खेळतो," मर्डो म्हणाला. "तुम्ही पण खेळून बघा."

मर्डो कोर्टात मुख्य कारकून होता आणि चर्चच्या कारभारी मंडळातला वडीलधारा. उंच, हाडकुळा, भुवया जाड. त्याच्याविषयी क्लबात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की एकदा मोठ्या चषकाच्या सामन्यात त्याचा बॉल वाऱ्यानं जरासा डुलला. आसपास चिटपाखरू नव्हतं. मर्डोनं स्वतःहून स्वतःवर दोष लावून घेतला आणि चषक गमावला. दुसऱ्यांवर लावतानाही तो तसाच. एका साली नेट्टाचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, खड्ड्यातल्या वाळूला फटक्याआधीच टेकला, जे नियमाला धरून नाही. समोरच्यांनी पाहिलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. नेट्टा घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही आणि बोलली तेव्हा म्हणाली, "स्वर्गाच्या दारात उभा राहशील तेव्हा देवालाच त्याची एखादी चूक काढून दाखवशील." मर्डो म्हणाला होता, "असली तर."

पहिले दिवस, त्याच जोडीच्या खेळाच्या सरावाचे, बरे गेले. मिसेस गेडिसच्या खानावळीत तीच खोली, तीच थंड चादर, सकाळी मिठाची लापशी आणि धुरावलेला मासा. मैदानावर वारा असा की बोललेलं तोंडातून काढून नेई. वॉल्टर छान खेळत होता. एफीच्या खांद्यांतला ताण एकेक होल मागे पडेल तसा सैल होत गेला, आणि शुक्रवारी दुपारी चहा पिताना तिला आपण मूर्ख ठरल्याचा इतका आनंद झाला की तिनं चहाबरोबरचा दुसरा गोड पाव, स्कोन, घेतला. तो तोंडात असतानाच तिला कळलं. ती बॉलजवळ पोचली की म्हणत होती, "चल, मी मारते." त्याचा फटका असला की पिशवीतून क्लब काढून त्याच्या हातात देत होती. मधे चालताना, "छान मारलास हं आत्ता." एकदाही तिनं त्याला आठवू दिलं नव्हतं. ती त्याच्या डोक्याच्या बाजूबाजूनं चालत होती, आंधळ्याचा हात धरून रस्ता ओलांडावा तशी, आणि वर समजत होती की तो बघून चालतोय. कधीपासून करतेय मी हे? तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच उठून कप विसळायला गेली, जरी तिथे कप विसळायचं काम मिसेस गेडिसचं होतं.

शनिवारी सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि दुपारपर्यंत हललं नाही. एफीनं ठरवलं होतं, आज तोंडातून शब्द काढायचा नाही. तिचं गप्प राहणं नेट्टाच्या लक्षात आलं. "भांडलात की काय?" "नाही गं, घसा धरलाय." सामना बरोबरीत चालला होता. वॉल्टर दर होलला बरोबर थांबत होता, बरोबर मारत होता. क्वचित तो तिच्याकडे पाही, जरा लांबून, आणि ती नजर वळवी. तिला वाटायचं तो विचारतोय. मग वाटायचं, नवरा बायकोकडे बघतो तसं बघतोय. ती प्रत्येक टेकडी चढताना आतल्या आत बोलत होती, मी काही मागत नाही, फक्त आज. पंधराव्या होलचा पहिला फटका वॉल्टरचा होता. त्यानं तो मारला, बॉल धुक्यात शिरला. दुसरा एफीचा. चालता चालता तिच्या बुटात वाळू गेली म्हणून ती खाली बसली, बूट काढून झटकला, आणि वर पाहिलं तर वॉल्टर पुढे बॉलपाशी उभा होता, पाय रोवून, हातात क्लब. हात फिरवून बघत असेल, असं तिला वाटलं. नाही. तसं तिला वाटून घ्यायचं होतं. हाक मारण्याइतकं अंतर होतं. तिच्या गळ्यात ती हाक आलीही होती, त्याचं नाव, नुसतं नाव. मग तिला ते तोंड आठवलं, जिन्यावरचं, आणि हाक तिथेच राहिली. वॉल्टरनं क्लब मागे नेला आणि मारला. इतका सुरेख फटका त्यानं कित्येक वर्षांत मारला नव्हता. बॉल विरळ होत चाललेल्या धुक्यातून, वाऱ्याच्या खालून गेला, टेकडीला टेकला, आणि हळूहळू घरंगळत झेंड्याजवळ जाऊन थांबला.

मर्डो बाजूलाच उभा होता, त्या दोघांपासून हाकेच्या अंतरावर. त्यानं पाहिलं. त्यानं पाहिलं हे एफीनं पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या, तोंड उघडलं, आणि एफी एक बूट हातात घेऊन वाट बघत राहिली. बोल, ती मनात म्हणत होती. बोल ना. "वॉल्टर, अरे गाढवा, फटका एफीचा होता," एवढं म्हण, वॉल्टर कपाळाला हात लावेल, आपण सगळे हसू, होल तुमचं होईल आणि ही एक साधी चूक होईल, कुणाचीही होते तशी. मर्डोनं तोंड मिटलं. तो समुद्राकडे वळला, पाठ करून, आणि वाऱ्यात न पेटणारा पाईप पेटवत बसला. नेट्टा एकदम घाईनं म्हणाली, "डब्यात अजून सँडविच आहेत हं, कुणाला हवी असतील तर." तेव्हा एफीला कळलं की या दोघांना हे आज कळलेलं नाही, आधीपासूनच ठाऊक आहे.

ते होल पिरींना मिळालं आणि त्या एका होलनं सामनाही. शेवटच्या, अठराव्या होलवर मर्डोनं टोपी काढून वॉल्टरचा हात हातात घेतला. "छान खेळलास." वॉल्टरनं एफीला सगळ्यांसमोर मिठी मारली, जे त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि खानावळीत शिरता शिरता मिसेस गेडिसला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग मिस्टर गिलख्रिस्टना आज सूप कमी वाढते, आणि तुम्हाला जास्त." जेवताना त्यानं पंधराव्याचा फटका पुन्हा पुन्हा सांगितला, काट्याचमच्यांनी टेकड्या मांडून. मर्डो प्रत्येक वेळी मान हलवत होता. एफीला त्याची ती हलणारी मान बघवेना.

जेवणाआधीच तिनं मर्डोला मागच्या दारी गाठलं होतं. तो पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता.

"पंधराव्याला तू पाहिलंस."

"वारा फार होता."

"मर्डो."

त्यानं दुसरा बूट घेतला. "पाहिलं."

"मग बोलला का नाहीस? नेट्टाला तरी सोडलं होतंस का?"

"नेट्टाला ठाऊक होतं ती काय करतेय ते." तो बराच वेळ खरवडत राहिला. "ज्याला ठाऊकच नाही, त्याच्यावर दोष कसा लावायचा, एफी? कोर्टातसुद्धा लावत नाहीत."

"लावायला हवा होतास."

"काय मिळालं असतं तुला?"

"तो अजून आपल्यातला आहे असं वाटलं असतं," एफी म्हणाली. मर्डोनं वर पाहिलं नाही. त्यानं विचारलं, "दुकान अजून तोच बघतो? मागचं सगळं?" तिनं खरवडून झालेला बूट उचलून भिंतीशी ठेवला. "एफी," तो म्हणाला. "माहीत आहे मला," ती म्हणाली, "माहीत आहे."

रविवारी त्या गावात कुणी खेळत नाही. झेंडे काढून ठेवलेले असतात आणि चर्चनंतर गावातली माणसं काळ्या कपड्यांत त्या गवतावरून फिरतात, जणू तिथे आठवडाभर काही झालंच नाही. दुपारी वॉल्टरच म्हणाला, "चल, तुला ती जागा दाखवतो." धुकं गेलं होतं. समुद्र राखाडी आणि स्वच्छ होता, आणि लांबवर एकच मासेमारी होडी रविवार न पाळता चालली होती. तो पुढे, ती मागे, अशी दोघं पंधराव्यापर्यंत आली. गवतात फटक्याची खूण अजून ताजी होती. वॉल्टर त्या खुणेपाशी उभा राहिला, हातात क्लब नसताना हात मागे नेले, खांदा वळवला. एवढ्या सुखात तिनं त्याला लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. असाच राहू दे याला, तिला वाटलं. उद्या सांगू. गाडीत सांगू. मग तिला दिसलं की उद्यानंतर मंगळवार आहे आणि मंगळवारी दुकान उघडतं.

"वॉल्टर," ती म्हणाली, "हा फटका माझा होता."

"कुठला?"

"हाच. पहिला तू मारला होतास."

त्यानं हात खाली घेतले. मागे वळून जिथून पहिला फटका मारला तिकडे पाहिलं, मग पायाशी, मग पुन्हा मागे. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. मोजणं कुठेतरी तुटत होतं आणि तो पुन्हा सुरुवातीपासून धरत होता. एफीनं मदत केली नाही. ती वेळ तिला पुढे आयुष्यभर विसरता आली नाही.

"मर्डोनं पाहिलं?" त्यानं विचारलं.

"पाहिलं."

"आणि काही बोलला नाही?"

"नाही."

वॉल्टर पाण्याकडे बघत उभा राहिला. वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्यानं पुसलं नाही. "मर्डो बोलला नाही," तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे फारच झालं असणार." मग त्यानं तिचा हात धरला. "दुकानाचं काय करायचं ते आत्ताच सांगून टाक. उद्यापर्यंत माझ्या हे लक्षात राहील की नाही, मला ठाऊक नाही."

"बंद करायचं," एफी म्हणाली.

"बरं," वॉल्टर म्हणाला.

मंगळवारी सकाळी तो कोट घालून, टोपी हातात घेऊन, दुकानाच्या किल्ल्या मागत दाराशी उभा होता. हे एकदा सांगायचं आणि संपलं, अशी एफीची समजूत होती. तिला ते पुन्हा सांगावं लागलं, पंधराव्या होलपासून, आणि त्यानं पुन्हा विचारलं, "मर्डोनं पाहिलं? आणि काही बोलला नाही?" आणि पुन्हा त्याचा चेहरा तसाच विझला. बुधवारी तेच. थंडी पडेपर्यंत ती रोज सकाळी आपल्या नवऱ्याला तेच सांगत होती, आणि तो रोज ते पहिल्यांदा ऐकत होता. मग एका सकाळी तिच्यानं होईना. ती म्हणाली, "आज दुकानाला सुट्टी आहे." तो खूश झाला आणि कोट काढून रेडिओपाशी जाऊन बसला. त्यानंतर रोज सुट्टी होती.

दुकान एका तरुण जोडप्यानं घेतलं. त्यांनी मागची फळी काढून टाकली आणि पुढे साबण-सुगंधांची काचेची कपाटं लावली. मिस टेनंटनं आपल्या दारावर लाल रंगाचं कापड बांधलं, मिस्टर पिरींना मजला कळावा म्हणून, आणि कुणी विचारलं तर सांगायची की क्रांती जवळ आलीय. त्या पुढल्याच वर्षी ती बहिणीकडे डंडीला गेली आणि तिथेच वारली. मिसेस गेडिसनं खानावळ विकली. नेट्टाचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत राहिली. ती एफीला सांगायची की मर्डो अजून खेळायला जातो, पण आता तो कुणाचीच चूक काढत नाही, बॉल हलला तरी नाही, बॉलवर कुणाचं पाऊल पडलं तरी नाही, आणि क्लबातले लोक हळूहळू त्याच्याशी खेळायचं टाळतात. "मजा येत नाही म्हणतात त्याच्याबरोबर." वॉल्टर सात वर्षं जगला. शेवटी शेवटी एफीला तो 'मॅडम' म्हणायचा, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीनं, आणि तिला बरं नाहीसं दिसलं तर खोकल्यासाठी काहीतरी देऊ करायचा. त्याला पुरलं त्या दिवशी मर्डो काठी टेकत आला. सगळे गेल्यावर तो एफीच्या स्वयंपाकघरात बसून राहिला. तीही म्हातारी झाली होती. नंतर ती वीस वर्षं एकटी राहिली आणि क्लब कधी हातात धरला नाही.

"त्या दिवशी मी बोललो असतो," पुरून आल्यावर त्या स्वयंपाकघरात मर्डो म्हणाला, "तर काही बरं झालं असतं का?"

त्याला धीर द्यावा असं तिच्या मनात आलं. तो वाकलेला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून वाट बघत होता. तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

"बरं काहीच झालं नसतं," ती म्हणाली. "पण आम्ही नीट हरलो असतो."